हार्मोनमुळं अंगावर जातंय, मग पिशवी काढायची का?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. बहीण 38 वर्षांची, केज तालुक्यातली, दोन लेकरं, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं, वजन 82 किलो. वर्षभरापासून पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि आली की पंधरा-वीस दिवस थांबत नाही, रक्ताच्या गाठी पडतात. हिमोग्लोबिन 7.8. सोनोग्राफीत लिहिलंय ‘बल्की युटेरस, एंडोमेट्रियम 14 एमएम’, म्हणजे गर्भाशयाची पिशवी मोठी आणि आतलं अस्तर 14 मिलिमीटर. एका दवाखान्यात सांगितलं की हार्मोनचा इम्बॅलन्स आहे, पिशवी काढून टाका नाहीतर पुढं कॅन्सर होईल. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचंय म्हणून घरचे म्हणतायत एकदाचं उरकून घ्या.

आधी सरळ उत्तर देते. एवढ्या माहितीवर आज पिशवी काढायचं कारण मला दिसत नाही. कॅन्सर आहे का नाही हे तपासून सांगायचं असतं, भीती घालून नाही. आणि 7.8 हिमोग्लोबिनवर घाईनं एवढं ऑपरेशन करणं हाच जास्त धोका. मी लातूरला प्रॅक्टिस करते, पाळीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत अशी गोष्ट सांगणाऱ्या बाया मला रोज भेटतात, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

हार्मोन बिघडले म्हणजे नेमकं काय होतं ते कुणी समजावून सांगत नाही, नुसतं चिठ्ठीवर लिहून देतात. दर महिन्याला ओव्हरीत, म्हणजे बीजकोशात, एक बीज तयार होतं. ते तयार होताना इस्ट्रोजेन वाढतं आणि त्यानं पिशवीच्या आतलं अस्तर जाड होतं. मग बीज फुटतं, आणि जिथून फुटलं तिथं जो पिवळसर भाग राहतो तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. प्रोजेस्टेरॉन अस्तराची वाढ थांबवतं, त्याला पक्कं करतं. दिवस गेले नाहीत तर साधारण चौदा दिवसांनी ते एकदम उतरतं, अख्खं अस्तर एकाच वेळी सुटतं आणि पाच-सहा दिवसांत विषय संपतो. आता बीज फुटलंच नाही तर प्रोजेस्टेरॉन तयारच होत नाही, इस्ट्रोजेन एकटंच चालत राहतं आणि अस्तर वाढतच जातं. मातीच्या भिंतीवर पोतेरा चढवत गेलात आणि जुना थर कधी खरवडलाच नाही तर एक दिवस पोपडे कुठूनही सुटायला लागतात, तसंच होतं ते. आज एक तुकडा गळतो, आठ दिवसांनी दुसरा, मधे रक्त थांबायला वावच मिळत नाही. म्हणून दोन महिने कोरडे आणि मग वीस दिवस धार. तुमच्या बहिणीची गोष्ट जवळपास याच साच्यातली आहे, पण साचा जुळतोय म्हणजे निदान झालं असं नाही, त्याकडं येते पुढं.

यात पिशवीचा दोष कुठंय सांगा. पिशवी हुकुमाची ताबेदार आहे, गडबड वरून येणाऱ्या हुकुमात आहे. बीज का फुटत नाही हा खरा प्रश्न. वजन वाढलं की चरबी स्वतःच इस्ट्रोजेन बनवते. पीसीओडी असतो, म्हणजे बीजं अर्धवट वाढून ओव्हरीतच अडकतात. थायरॉईड कमी पडतं, आणि हे फार वेळा सापडतं. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढतं, त्यात कधीकधी लेकरू पाजत नसतानाही छातीतून दूध येतं, आणि ही गोष्ट विचारल्याशिवाय बाया सांगत नाहीत. चाळिशीनंतर पाळी जायच्या आधीची चार-पाच वर्षं बीज एक महिना फुटतं एक महिना नाही. आणि पोरींमध्ये पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं मेंदू आणि ओव्हरीची गाडी रुळावर यायचीच असते.

आणखी एक लई कॉमन कारण, जे बायांना कारण वाटतच नाही: गोळ्या. महालक्ष्म्या आल्या, नवरात्र आलं, घरात लग्न, पंढरपूरला जायचं, की मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायची गोळी आणली जाते, चिठ्ठी कुणी मागत नाही. त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं, ते प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं. एकदा घेतली तर फारसं बिघडत नाही, बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी पाळी येते. पण श्रावणापासून दिवाळीपर्यंत तीन वेळा घेतली, त्यातही मधेच दोन दिवस विसरली, तर कोणतं रक्त पाळीचं आणि कोणतं गोळीचं हे आम्हालाही कळत नाही. तसंच अंतरा इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात दर तीन महिन्यांनी फुकट मिळतं, गर्भनिरोधक म्हणून चांगलंच आहे, पण पहिल्या काही महिन्यांत थेंब-थेंब जात राहणं किंवा पाळीच न येणं हे त्याचं नेहमीचं आहे. बाई येते, म्हणते ‘अंगावर जातंय’, आणि इंजेक्शनचं सांगतच नाही कारण ‘ते तर आशाताईनं दिलंय, ते काय औषध हाय का’. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगायच्या.

आता नॉर्मल कशाला म्हणायचं. 28 दिवसांचा हट्ट सोडा. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत 24 ते 38 दिवस, आणि रक्तस्राव 8 दिवसांपर्यंत, हे ठीक. रक्त 80 मिलीच्या वर गेलं तर जास्त असं पुस्तकात आहे, पण घरी मिली कोण मोजणार. मी विचारते ते वेगळं: रात्री उठून पॅड बदलावं लागतं का, एकावर एक दोन लावता का, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात का, पाळीत कामावर खाडा होतो का. यातल्या दोन गोष्टींना हो म्हणाली तर ते जास्तच आहे, भले ती म्हणो की आमच्यात सगळ्यांनाच असं जातं. सगळ्यांनाच जातं हेही खरं असतं कधीकधी, आईला लेकीला दोघींनाही रक्त गोठण्याचा त्रास असतो आणि दोघींना ते नशीब वाटतं.

जुन्या फाईलवर ‘डीयूबी’ लिहिलेलं सापडेल, म्हणजे पिशवीत काही दिसत नाही तरी बिघडलेला रक्तस्राव. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेनं 2011 साली ते मागं टाकून कारणांची नऊ खणांची यादी केली, पाम-कोईन म्हणतात तिला. कोंब (पॉलिप), फायब्रॉईडच्या गाठी, पिशवीच्या भिंतीतला आजार, कॅन्सर किंवा त्याची आधीची अवस्था हे एका बाजूला, ते डोळ्याला किंवा मायक्रोस्कोपला दिसतं. रक्त गोठण्याचे आजार, बीज न फुटणं, अस्तराचेच दोष, औषधं आणि उरलेलं दुसऱ्या बाजूला. ‘हार्मोनचं’ म्हणजे त्यातला एक खण. बाकीचे तपासल्याशिवाय त्या खणात कुणाला टाकायचं नसतं, माझा आक्षेप एवढाच आहे.

मग तपासायचं काय? सगळ्यात आधी यूपीटी, लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. हो, ऑपरेशन झालेलं असलं तरी. नळ्या बांधूनही क्वचित दिवस जातात आणि ते नळीत राहिले तर जिवावर बेततं, दोन महिने पाळी नाही आणि मग रक्त ही गोष्ट तिथंही असते. मग सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, त्यात प्लेटलेट बघायच्या, जमलं तर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा. थायरॉईडसाठी टीएसएच. पाळी लांबत असेल तर प्रोलॅक्टिन. बाकी हजारो रुपयांचं हार्मोन प्रोफाईल, एएमएच वगैरे, या वयात या तक्रारीसाठी बहुतेक वेळा गरज नसते. उलट ते नॉर्मल आलं की बाई गोंधळते, रिपोर्ट तर चांगले आहेत मग हार्मोनचं कसं म्हणता. अहो, त्या दिवशीचं इस्ट्रोजेन नॉर्मलच असतं, प्रश्न महिनाभराच्या चालीचा आहे, आणि ती चाल एका सुईत दिसत नाही, तारखांमध्ये दिसते. म्हणून सांगते, कॅलेंडरवर खुणा करा. सहा महिन्यांच्या खुणा असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आलेल्या बाईचं निदान माझं निम्मं तिथंच होतं. दुखणंही सांगा. बीज न फुटता येणारं रक्त बऱ्याचदा फारसं न दुखता येतं, पाळीत पोटात मरणाचं दुखत असेल तर मी दुसरीकडं बघते, पिशवीच्या भिंतीतला आजार असतो बऱ्याचदा.

तुमच्या सोनोग्राफीबद्दल. ‘बल्की’ म्हणजे नेहमीपेक्षा जरा मोठी पिशवी, दोन बाळंतपणं झालेल्या बाईत ते बरेचदा असतंच, तो रोग नाही. 14 एमएम अस्तर, पण पाळीच्या कितव्या दिवशी? पाळी संपल्यावर अस्तर पातळ असतं, पुढची पाळी यायच्या आधी 14 सुद्धा असू शकतं. दिवस लिहिलेला नसेल तर त्या आकड्यावरून एवढा मोठा निर्णय होत नाही. पाळी कायमची गेलेल्या बाईला रक्त दिसलं तर मात्र 4 एमएमच्या वर अस्तर असेल तर पुढं तपासायचंच, तिथला नियम वेगळा. लोक हे दोन नियम एकमेकांत मिसळतात आणि तीस-पस्तिशीच्या बाईला घाबरवतात. रिपोर्टमध्ये ‘नाबोथियन सिस्ट’, म्हणजे पिशवीच्या तोंडावरची साधी पाण्याची गाठ, असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं. ‘पिशवीच्या तोंडाला जखम’ हेही असंच, लाल दिसणारं तोंड बऱ्याचदा साधं असतं, पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही, या पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीच्या चाचण्या, करून घ्या म्हणजे संशय मिटतो. जखमेचा कॅन्सर होतो म्हणून पिशव्या निघालेल्या आहेत आपल्या भागात, काय सांगायचं.

बायोप्सी मात्र तुमच्या बहिणीची करा. 45 नंतर असं रक्त गेलं तर अस्तराचा तुकडा तपासायचाच असतो, आपल्याकडं बरेच जण 40 पासूनच करतात. ती 38 ची आहे, पण वजन जास्त आणि वर्षभर अनियमित, म्हणजे अस्तरावर वर्षभर एकटं इस्ट्रोजेन, म्हणून वयासाठी थांबायचं नाही. ओपीडीत बारीक नळीनं दोन-चार मिनिटांत होतं, पाळीसारखी कळ येते, त्याच दिवशी घरी. पॅथॉलॉजीचा कागद यायला आठवडाभर लागतो. त्या कागदावर बाकी सगळं ठरतं. ‘हायपरप्लेशिया विदाऊट एटिपिया’ आलं तर घाबरू नका, अस्तर जाड झालंय पण पेशी बिघडलेल्या नाहीत, वीस वर्षांत शंभरातल्या पाचपेक्षाही कमी जणींत ते कॅन्सरकडं जातं आणि बहुतेकींचं प्रोजेस्टेरॉननं बरं होतं, सहा महिन्यांनी परत तुकडा तपासायचा. ‘एटिपिया’, म्हणजे पेशी बिघडलेल्या, आलं तर गोष्ट फिरते, लेकरं झालेली असतील तर तिथं पिशवी काढा असं मीच सांगेन आणि उशीर नको म्हणेन.

उपचाराचं. रक्त चालू आहे तोवर ट्रानेक्सामिक ॲसिड ही रक्त कमी करणारी गोळी, ती फक्त रक्त जातंय त्याच दिवसांत घ्यायची, जास्तीत जास्त चार-पाच दिवस, पायात किंवा छातीत रक्ताची गुठळी झालेली असेल तर नाही. सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी, नॉरएथिस्टेरॉन किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, डॉक्टर वजन-बीपी-लिव्हर बघून डोस ठरवतील, शेजारणीचं पाकीट वापरू नका. हिच्यानं रक्त दोन-तीन दिवसांत थांबतं आणि इथंच सगळा घोळ होतो. रक्त थांबलं की बाई गोळी थांबवते. गोळी थांबली की चार दिवसांत पुन्हा येतं, जास्तच येतं, आणि ती म्हणते औषध लागू पडलं नाही. वास्तविक कोर्स पूर्ण करून बंद केल्यावरही दोन-चार दिवसांनी एक पाळी येणारच आहे, तीच हवी असते, साठलेलं अस्तर त्या एका वेळी सगळं बाहेर पडतं. ती पाळी जरा जड असते, आधी सांगून ठेवलं तर बाई घाबरत नाही. मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिते, ‘गोळी संपल्यावर पाळी येईल, ती येऊ द्या’. तरी फोन येतोच, ‘डॉक्टर, कामून परत जातंय’.

त्यानंतर महिन्यातून बारा-चौदा दिवस तीच गोळी, तीन ते सहा महिने, म्हणजे शरीर जे प्रोजेस्टेरॉन बनवत नाहीये ते आपण बाहेरून देतो. किंवा गर्भनिरोधक गोळ्या, पण 35 च्या पुढं बिडी-सिगारेट असेल, बीपी असेल, डोकं दुखताना डोळ्यापुढं चमकत असेल तर त्या टाळाव्यात, वय आणि वजन बघता तुमच्या बहिणीला मी त्या पहिल्यांदा देणार नाही. ‘छाया’ ही पहिले तीन महिने आठवड्यात दोनदा आणि मग एकदा घ्यायची सरकारी गोळी, लखनौच्या सीडीआरआय संस्थेत शोधलेल्या औषधाची, तीही काही डॉक्टर रक्त कमी करायला वापरतात, पण पीसीओडीत ती घेत नाहीत, मनानं सुरू करू नका.

मला सगळ्यात उजवी वाटते ती हार्मोनची तांबी. लोक तिला कॉपर टीच म्हणतात आणि कॉपर टीनं तर रक्त वाढतं म्हणून नको म्हणतात, हिच्यात तांबं नाहीच, 52 मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन आहे, ते पिशवीतच रोज थोडं थोडं सुटतं आणि अस्तर पातळ ठेवतं. वर्षभरात रक्त 80-90 टक्क्यांपर्यंत कमी होतं, काहींची पाळी बंदच होते आणि त्यात वाईट काही नाही, रक्त आत साठत नाही, तयारच होत नाही. किंमत काही हजार आहे, देशी बनावटीची थोडी स्वस्त मिळते, पाच वर्षं चालते. पण पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागतात. म्हणून ऊसतोडीच्या बायांना मी सांगते की बसवायची तर जून-जुलैत बसवा. डागाडागाचा काळ गावात, घरात निघून जातो. दसरा झाल्यावर बसवली आणि फडावर गेलात, जिथं ना संडास ना आडोसा, तर तिसऱ्या आठवड्यात कुणाकडून तरी काढून टाकाल. तुमच्या बहिणीला आता कोयता उचलायला किती दिवस राहिलेत त्यावर हे ठरवा. महिना-दीड महिनाच असेल तर या हंगामापुरत्या गोळ्या, सगळी पाकिटं सोबत बांधून द्यायची, मधे आणायला जमणार नाही हे धरूनच, आणि परत आल्यावर तांबी.

हिमोग्लोबिन 7.8 ला नुसती गोळी फार हळू जाते, त्यातून महिन्यात वीस दिवस रक्त जातंय, म्हणजे बादली भरतानाच गळतेय. शिरेतून आयर्न घ्या, सरकारी दवाखान्यातही मिळतं, अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळच आहे. नंतर गोळी, रिकाम्या पोटी लिंबूपाण्यासोबत, आणि चहापासून दीड-दोन तास लांब. हे आपल्याकडं सगळ्यात अवघड, सकाळचा चहा सुटत नाही, मग गोळी रात्री घ्या. संडास काळी होते, ते आयर्नचंच. हिमोग्लोबिन 12 झालं तरी पुढं तीन महिने चालू ठेवा, नाहीतर साठा भरत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 54 टक्के बायांना रक्त कमी होतं, त्यामुळं ‘मला थकवा नाही’ यावर मी विश्वास ठेवत नाही, सवय झालेली असते. पपई, तीळ, गरम पडणं यानं हे होत नाही, त्यामुळं बिचारीचं खाणं तोडू नका.

आता उरकून घ्या म्हणणाऱ्यांसाठी. बीडचं प्रकरण 2019 साली देशभर गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांवर बायांची पाहणी झाली आणि त्यात 13 हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. लोक डॉक्टरांना शिव्या देतात, काहींना द्यायलाच पाहिजेत. पण एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, त्याच्याकडून आधी घेतलेली उचल फिटत नाही, पाळीत फडावर आडोसा नाही, हे सगळं त्या आकड्यात आहे. बाई स्वतःच म्हणते, ‘काढून टाका ना, कटकट मिटते’. तिचं मला कळतं. फक्त तिला पुढचं कुणी सांगत नाही. पिशवीसोबत ओव्हरीही काढल्या तर 38 व्या वर्षी एका दिवसात पाळी जाण्याचं वय सुरू होतं, अंगातून वाफा, झोप नाही, हाडं ठिसूळ, हृदयाचा धोका वाढतो, आणि ओव्हरी ठेवल्या तरी काहींना त्या लवकर थकतात. जिला दहा वर्षं मोळ्या उचलायच्यात तिची पाठ आणि हाडं हाच तिचा धंदा आहे. आणि ऑपरेशनचं कर्ज फेडायला परत उचलच घ्यावी लागते.

तरीही कधी काढायची? एटिपिया किंवा कॅन्सर, मोठ्या फायब्रॉईडनं त्रास, किंवा गोळ्या-तांबी नीट करूनही सहा-आठ महिन्यांत फरक नाही आणि बाई विचार करून हो म्हणतेय. तेव्हा जरूर काढा, मी स्वतः करते ती ऑपरेशनं. आधी तीन गोष्टी विचारा: बायोप्सीचा कागद कुठंय, ओव्हरी ठेवणार का, काढलेली पिशवी तपासायला लॅबला पाठवणार का. यावर डॉक्टर चिडले तर दुसरीकडं जा.

तेरा-चौदाच्या पोरींचं वेगळं, थोडक्यात सांगते. अनियमित चालतं, पण पहिल्याच पाळीपासून धो-धो जात असेल, हिरड्यातून रक्त येत असेल, नाकातून येत असेल, तर रक्त गोठण्याचा आजार, व्हॉन विलेब्रँड वगैरे, तपासायचा. हार्मोनच्या गोळीनं पुढं लेकरं होत नाहीत ही भीती आयांनी सोडावी.

गाडी काढून रात्रीच दवाखान्यात कधी न्यायचं: तासाला एक पॅड भिजतंय असं दोन तास सलग, उठल्यावर चक्कर, धाप, छातीत धडधड, यूपीटी पॉझिटिव्ह आणि पोटात एका बाजूला दुखतंय. आणि पाळी जाऊन वर्ष झालेल्या सासूबाईंना एक थेंब जरी दिसला तरी त्या आठवड्यात दाखवा, तिथं हार्मोन म्हणून वाट बघायची नाही.

तुमच्या बहिणीचा क्रम असा ठेवा: उद्या यूपीटी, सीबीसी, टीएसएच. यूपीटी निगेटिव्ह आली की लगेच रक्त थांबवायची गोळी, डॉक्टरांना विचारून. त्याच आठवड्यात बायोप्सी, आणि आयर्नची पहिली बाटली. दाखवायला जाताना घरात पडलेली सगळी रिकामी पाकिटं थैलीत भरून न्या, सणाची गोळी धरून, आणि सोबत नवऱ्यालाही न्या, कारण सहा महिने औषध घ्यायचंय हे त्याच्या कानावर डॉक्टरच्या तोंडून पडलेलं बरं.